भाड्याने देणे आहे

साडेदहाला येतो म्हणून पालिकेच्या कर इन्स्पेक्टरनं कळवलं होतं, आणि वेलांटी साडेनवालाच येऊन हजर. एक पाय पायरीवर, एक फुटपाथवर, आणि नजर सारखी कोपऱ्यावरच्या वळणाकडे. औषधाच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. कारण काय सांगितलं, तर आमची इमारत रिकामी आहे हे बघायला माणूस येतोय. मालक म्हणाला, रिकामी इमारत बघायला माणूस कशाला लागतो? आता त्याला काय समजावणार! सहा महिने हेलपाटे घातले होते तिनं या एका माणसासाठी.

वेलांटी हे काही शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हे. बाप पाट्या रंगवणारा. पन्नास वर्षं हातात ब्रश. लेक झाली ती बारकुडी, आणि कायम पुस्तकावर मान वाकवून बसलेली, म्हणून तिचं नाव पडलं वेलांटी. पाठचा भाऊ सरळसोट, उंचच्या उंच वाढत गेला, तो काना. लोक पोरांना सोन्या म्हणतात, राजा म्हणतात, या माणसाला बाराखडीशिवाय दुसरं काही सुचलंच नाही. पोरं मोठी झाली, काना परगावी नोकरीला लागला, वेलांटीचे केस पिकायला लागले, तरी नावं तीच.

इमारत दोन मजली. वर पूर्वी टायपिंगचा क्लास होता, तो गेला. खाली बाबांचं पाट्यांचं दुकान. मग यंत्रावर छापलेले फ्लेक्स आले, तासाभरात हातात पडणारे, आणि बाबांकडे येणाऱ्यांची वाट हळूहळू बुजली. शेवटी दुकान बंद केलं. पण बंद दुकानाचाही कर यायचा तेवढाच यायचा. काना फोनवर एकच पालुपद लावून बसला होता, "ताई, विकून टाकू. गिऱ्हाईक तयार आहे. पाडून गाड्या उभ्या करायला जागा करणार म्हणतोय." वेलांटीला ते ऐकवत नव्हतं. कागदावर इमारत बाबांची, पण बाबा म्हणत, तुम्ही दोघं सांगाल तिथं सही करतो. एवढंच म्हणायचे, आणि मग दिवसभर दुकानाची किल्ली हातात फिरवत बसायचे.

अशात तिला पालिकेची एक नोटीस दिसली. रिकाम्या व्यापारी इमारतींना मालमत्ता करात निम्मी सवलत! तिनं तिथल्या तिथं कानाला फोन लावला आणि ठरवूनच टाकलं. सवलत मिळाली तर इमारत राहील. नाही मिळाली तर विकायची, मग मी एक शब्द काढणार नाही.

अटी चार. सहा महिने आत काही कामधंदा झालेला नसावा. वीज तोडलेली असावी. आत माल नसावा. आणि चौथी अट, जिच्यामुळे पुढचं सगळं रामायण झालं, ती अशी: इमारतीच्या दर्शनी भागावर "भाड्याने देणे आहे" अशी सुवाच्य पाटी सलग सहा महिने लावलेली असावी.

वेलांटीनं बाबांना चारही अटी वाचून दाखवल्या आणि वर दम भरला. "बाबा, आत ब्रश लावायचा नाही. कुणाचं काम घ्यायचं नाही. आठवड्यातून एकदा दार उघडून हवा खेळू द्यायची, बस्स. तेवढी पाटी लिहून लावा फक्त."

बाबांनी मान डोलवली. मग म्हणाले, "तो शब्द काय म्हणालीस? सुवाच्य?"

"हो. म्हणजे वाचता येईल अशी."

"मला नको सांगूस सुवाच्य म्हणजे काय," बाबा म्हणाले.

तिथंच तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण वेलांटी दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारी बाई. मुंग्यांनी शाईत पाय बुडवून कागदावर फेरी मारावी तसलं अक्षर ती घडाघडा वाचते. सुवाच्य हा शब्द तिला फॉर्मवरचा एक शब्द वाटला. बाबांना वाटलं, सरकारनं आपल्याला ललकारलंय.

पहिल्या महिन्यात पाटी लागली ती पांढऱ्यावर लाल, ठसठशीत, खाली करडी सावली धरलेली. अक्षरं हात लावला तर टोचतील अशी उठून आलेली. दुसऱ्या महिन्यात बाबांनी तीच फळी घरी नेऊन घासली आणि निळ्यात लिहिली. तिसऱ्या महिन्यात सोनेरी काठ. चौथ्यात अक्षरं विटा रचून बांधल्यासारखी. पाचव्यात दोरखंड पिळल्यासारखी, अगदी सुटलेल्या धाग्यांसकट. वेलांटी दर महिन्याला घाईघाईत यायची, अर्जाला जोडायला रस्त्यापलीकडून फोटो काढायची आणि पळायची. तिनं एकदा विचारलंही, "बाबा, दर महिन्याला नवी कशाला?"

"जमेना गं," बाबा म्हणाले. "शब्दच कोता आहे. वर नुसत्या मात्राच मात्रा. अख्ख्या पाटीत एकसुद्धा वेलांटी नाही बघ. पाटीला डौल कसा येणार?"

तिनं कपाळाला हात लावला आणि बस पकडली.

सहाव्या महिन्याची पाटी आज तिच्या डोक्यावर लटकत होती. काळ्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. सावली नाही, काठ नाही. वर बघितलं आणि ती क्षणभर इन्स्पेक्टरला विसरली. काय अक्षर होतं! मोजून पाच जण तेवढ्यात थांबून बघून गेले. एक बाई तर मान वाकडी करून म्हणाली, "या वेळची साधी आहे, पण सगळ्यात छान." या वेळची? वेलांटीला प्रश्न पडला, पण तेवढ्यात बाबा किल्ली घेऊन आले, आणि त्यांच्या मागोमाग बगलेत फाईल मारून इन्स्पेक्टर.

इन्स्पेक्टर म्हणजे अगदी कोरडं पात्र. नमस्काराला मान हलवली ती चेहरा न हलवता. मीटर पाहिला: बंद. नळ फिरवून पाहिला: थेंब नाही. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं, बोटावरची धूळ निरखली आणि समाधानानं फुंकली. वेलांटीचा जीव एकेका अटीबरोबर भांड्यात पडायला लागला. तीन अटी पार! मग त्यानं फाईल उघडली आणि तिनंच जोडलेले फोटो कट्ट्यावर ओळीनं मांडले.

"सहा महिन्यांत सहा पाट्या?"

"फळी एकच आहे," बाबा म्हणाले.

"काका, फळीचं नाही विचारत मी. ही तर जाहिरात दिसतेय. इथं पाट्या रंगवून मिळतील म्हणून सांगणारी."

"जाहिरात कशी? त्यावर लिहिलंय काय? भाड्याने देणे आहे."

"बरं. मग भाड्यानं घ्यायला सहा महिन्यांत किती जण आले?"

बाबांनी नाक खाजवलं. "एकही नाही."

"एकही नाही?" हे वेलांटीच ओरडली. एवढी भर रस्त्यावरची जागा!

तेवढ्यात दारातून एक डोकं आत आलं. शेजारच्या गल्लीतली सलूनवाली. "अगंबाई, उघडलं वाटतं! पेंटरकाका, माझं कधी करताय? महिन्याच्या महिन्याला तुमचे नमुने बघतेय, आता हे काळं-पांढरंच मला पाहिजे."

"बंद आहे," बाबा घाईनं म्हणाले. "बंद आहे म्हणून सांगितलं ना तुम्हाला."

"नेहमीचंच!" सलूनवाली म्हणाली आणि निघून गेली. आत इन्स्पेक्टरनं पेनचं टोपण काढलं.

एका क्षणात वेलांटीला सगळं कळलं. सहा महिने ही पाटी कुणी वाचलीच नव्हती! लोकांनी नुसती बघितली होती. वाचायला सोपी म्हणून लिहिलेली पाटी इतकी देखणी झाली होती की येणाऱ्याजाणाऱ्यांनी तिला पाट्यांचा नमुनाच मानलं. भाडेकरू कुठून येणार? आणि वर इन्स्पेक्टरनं हे सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"म्हणजे गिऱ्हाईक येतात," इन्स्पेक्टर म्हणाला.

"येतात. परत पाठवतो. मुलीनं सांगितलंय, ब्रश लावायचा नाही. मी नाही लावला." बाबांचा आवाज चढला. "लावला असेल तर दाखवा!"

इन्स्पेक्टरनं खिशातून टॉर्च काढला. वीज नव्हती, आतली खोली अंधारी. उजेडाचा गोल जमिनीवरून फिरला: कोरडी. फळ्या टेकवायच्या लाकडी घोड्यांवरून फिरला: रिकामे. मग मागच्या भिंतीवर चढला आणि तिथंच थांबला.

भिंत भरलेली होती. शिसपेन्सिलीनं, बारीक, पण कशी भरलेली! एकेक चौकोन आखून त्यात पाटीचा कच्चा आराखडा. सलूनवाली: "केस" मोठं घ्यायचं, खाली कात्री नको, सगळेच कात्री काढतात. दातांचा डॉक्टर: हसरं अक्षर हवं म्हणतो, "द" गोल करावा. सायकलवाला. चष्मेवाली: लांबून दिसलं पाहिजे, जवळून नाही, हा विनोद तिचाच. कुणीतरी आपल्या आईच्या नावानं शिकवणी सुरू करणार होतं, तिथं नाव तीन तऱ्हांनी लिहून पाहिलेलं. वेलांटीनं मोजले. तेवीस. प्रत्येकाखाली एकच ओळ, तीच ती: बंद आहे सांगितले.

"बाबा, हे काय?" तिनं विचारलं.

"पुसून टाकणार होतो," बाबा चोरी पकडल्यासारखे म्हणाले. "आठवड्याला हवा द्यायला यायचो, तेव्हा दारात कुणी ना कुणी भेटायचं. नाही म्हणायचो गं, तुझी शप्पथ. पण घरी जाऊन झोप लागायची नाही. त्या बाईचा 'क' डोक्यात फिरत राहायचा. म्हणून म्हटलं, इथं ठेवून जाऊ. पेन्सिल म्हणजे काय ब्रश नव्हे."

इन्स्पेक्टर बराच वेळ भिंत वाचत होता. तेवीसही वाचून काढले पठ्ठ्यानं. टॉर्च एका चौकोनावरून दुसऱ्यावर जाताना जरा रेंगाळायचा. मग तो वळला, घसा साफ केला आणि म्हणाला, "पेन्सिल म्हणजे धंदा नव्हे. कुणाचं काम घेतलेलं नाही, माल नाही, वीज नाही. पाटी आहे, आणि सुवाच्य तर आहेच आहे. माझ्या हिशेबानं इमारत रिकामी. सवलत मिळेल."

मिळेल! वेलांटीच्या कानात घंटा वाजायला लागल्या. सहा महिने! त्या ऑफिसातले जिने, दारांवर चिकटवलेल्या फाटक्या कागदांमुळे तीनदा चुकलेल्या खिडक्या, तोंड दुखेपर्यंत केलेल्या विनवण्या. मिळाली एकदाची! तिनं बाबांचा हात घट्ट धरला.

"फक्त काकांची ही सही," इन्स्पेक्टरनं फॉर्म पुढं केला. "आणि नीट ऐका. सवलत घेतली की पुढचं वर्षभरही आत काही करता येणार नाही. अधूनमधून मी येईन बघायला."

फॉर्मवर शेवटची ओळ होती: सदर इमारत रिकामी आहे / नाही. लागू नसेल ते खोडावे.

बाबांच्या सहीआधी ती ओळ खोडायला वेलांटीनं पेन घेतलं. "नाही" वर टेकवलंसुद्धा. आणि हात थांबला.

बाबा भिंतीकडे बघत होते. खिशातून रुमाल काढून त्याची घडी घातली होती त्यांनी, भिंत पुसायला. सलूनवालीच्या चौकोनापासून सुरुवात करणार, एवढ्यात ती म्हणाली, "बाबा, थांबा. तुम्हाला काय हवंय?"

"मला काय विचारतेस? तुम्ही दोघं सांगाल तिथं..."

"सही करता, माहितीय मला. ते नाही विचारत. हवंय काय?"

हा प्रश्न या माणसाला किती वर्षांत कुणी विचारला नव्हता कोण जाणे. बाबांनी रुमाल परत खिशात कोंबला. मग एकदम भडकून बोलावं तसे बोलले, "बाहत्तर वर्षांचा आहे मी! अजून हात कापत नाही माझा. त्या डॉक्टरचा 'द' मला पुढच्या वर्षी नाही, आज काढता येतो. इमारत रिकामी म्हणा, चालेल. पण सहा महिने मला वाटतंय, ही तपासणी माझीच चाललीय."

वेलांटीला हसू आवरेना. रडू आणि हसू एकदमच! तिनं पेन उचललं, "नाही" सोडलं आणि "आहे" वर एक लांबलचक रेघ ओढली. सदर इमारत रिकामी नाही.

"अहो, काय केलंत!" इन्स्पेक्टरच्या कोरड्या चेहऱ्याला पहिल्यांदाच सुरकुत्या पडल्या. "मी दिली होती की तुम्हाला! आता यंदाचा कर पुरा भरावा लागेल."

"भरू. तेवीस माणसं दारात उभी आहेत, साहेब. रिकामी कशी म्हणू?"

त्यानं एकदा फॉर्मकडे, एकदा भिंतीकडे पाहिलं. "हे बरं झालं असं मी म्हणू शकत नाही," तो म्हणाला. "पण आमच्या ऑफिसच्या दारांवर कागद चिकटवलेत. आत येणारा प्रत्येक जण चुकतो. तिथं पाट्या हव्यात. अर्थात तुमच्याकडून घ्यायला आधी तीन कोटेशनं मागवावी लागतील." आणि फाईल बगलेत मारून तो गेला. दारातून बाहेर पडल्यावर मात्र थांबला आणि मान वर करून त्यानं पाटी पुन्हा एकदा बघितली.

आता उरला काना. ठरलेलं वेलांटीनंच मोडलं होतं. तिनं थेट व्हिडिओ कॉल लावला, म्हणजे ओरडायचं ते तोंडावर ओरडू दे. एका दमात सगळं सांगितलं.

"ताई! मिळालेली सवलत तू खोडलीस? अगं, डोकं ठिकाणावर आहे का? आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं, नाही मिळाली तर विकायची. मिळाली होती! मीच घेतली नाही. ते कुठं ठरलं होतं?"

"वकील व्हायचं होतंस! जागा घेणाऱ्या त्या माणसाला मी आता काय सांगू?"

तिनं फोनचा टॉर्च लावला, तो भिंतीकडे फिरवला आणि हळूहळू सरकवत नेला, सलूनपासून शिकवणीपर्यंत. मग तिनं बाहेर येऊन फोन वर धरला. बाबांनी तोवर घोडा लावून पाटीला हात घातला होता. खिशात एक ब्रश होताच. सहा महिने ब्रश लावू नको म्हणून सांगितलेला माणूस खिशात ब्रश घेऊन हिंडत होता, आता बोला!

"बाबा, काढून टाका ती पाटी," वेलांटी म्हणाली.

"काढायची कशाला? शेवटचा शब्द तेवढा बदलायचा. 'आहे'चं 'नाही' करायचं. काम किती? ह जागेवर, काना जागेवर. अ चं तोंड फिरवलं की न झाला. वरची मात्रा पुसायची, आणि ह च्या मागे वेलांटी उभी करायची."

एवढं बोलून ते थांबले. ब्रश हवेतच राहिला. मग वळून त्यांनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा तिच्या हातातल्या फोनमधल्या लेकाकडे.

"बघितलंस का रे? 'आहे' मध्ये तू एकटाच होतास. 'नाही' म्हणायला दोघंही लागतात."

फोनमधून कानाचा नाक ओढल्याचा आवाज आला, मग खाकरल्याचा. आणि मग तो बोलला तो पाट्या रंगवणाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाच्या आवाजात.

"बाबा, कडेला जागा कमी आहे. वेलांटी बसेल ना?"

"बसेल," बाबा म्हणाले, आणि काळ्या रंगानं मात्रा पुसायला लागले.